कबुतराचा मका निवडताना



आज मी मक्याबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, मक्यात काय बोलायचं? कणीस भाजावं, लिंबू-मीठ लावावं आणि खावं. पण मी बोलणार आहे तो कबुतराच्या मक्याबद्दल, आणि तोसुद्धा रेसच्या कबुतरांच्या. ज्यांच्या घरावर ढाबळ आहे त्यांना हे लगेच कळेल. ज्यांच्या घरावर नाही, त्यांनीही रेडिओ बंद करू नका. ही गोष्ट ढाबळीपासून सुरू होते, पण शेवटी आपल्या स्वयंपाकघरात येऊन थांबते.

आमच्या घरी कबुतरांचा नाद सासऱ्यांपासून आहे. आता तो माझ्या थोरल्या मुलाला लागलाय. गच्चीवर ढाबळ आहे, वीस-बावीस होमर आहेत. मुलगा त्यांना उडवतो, पायातल्या कड्यांचे नंबर वहीत लिहितो, रेसच्या दिवशी सकाळपासून आभाळाकडे डोळे लावून बसतो. पण दाणा कोण आणतं, चाळतं कोण, निवडतं कोण? मीच. तुमच्याकडेही असंच असणार. नाद पुरुषांचा आणि निवडण-टिपण बाईचं. म्हणूनच हे भाषण मी द्यायचं ठरवलं.

आमच्या घरी काय झालं

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमाराला पाऊस लांबला होता. मका काढणीला आला आणि वरून पावसाची झड. बाजारात नवा मका आला तो स्वस्त. ओळखीच्या दुकानदाराने सांगितलं, "वहिनी, कबुतराला तर घालायचाय, जरा ओलसर आहे पण उन्हात टाकला की झालं." मी एक पोतं घेतलं. किलोमागे चार-पाच रुपये वाचले म्हणून खूश होते.

घरी आणून दोन दिवस ऊन दिलं आणि पोतं जिन्याखाली ठेवलं. महिन्याभरात त्याला कुबट वास यायला लागला. काही दाण्यांच्या टोकाशी हिरवट भुकटी दिसायची. मी ते दाणे वेचायची, बाकीचे ढाबळीत जायचे. त्याच दिवसांत पिल्लं सुस्त झाली. पिसं फुगवून कोपऱ्यात बसायची, हिरवट पातळ शी करायची. पंधरा दिवसांत सहा पिल्लं गेली. मोठी पाखरं जगली, पण त्या हंगामात एकही धड उडालं नाही.

पशुवैद्यक डॉक्टर आले. त्यांनी आधी पाखरं बघितली, मग पोत्यात हात घातला, मूठभर मका नाकाशी धरला आणि म्हणाले, "ताई, बहुतेक या दाण्यानंच झालंय. हे आजच थांबवा." मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. तो मी अजून विसरले नाही. पण तो मी शेवटी सांगते. आधी मका समजून घेऊ.

कबुतराला मका कशासाठी?

मक्यात साधारण 70 टक्के पिठूळ भाग असतो, 9 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि 4 टक्के तेल. म्हणजे मका हे ताकदीचं अन्न आहे, अंग भरण्याचं नाही. कबुतर लांब उडतं ते अंगातल्या चरबीवर. गाडीला डिझेल तशी पाखराला चरबी. मक्यातला पिठूळ भाग शरीरात चरबी होऊन साठतो आणि तीच पुढे पंखांना पुरते. म्हणून लांबच्या रेसच्या आधी दोन-तीन दिवस मका थोडा वाढवतात.

पण नुसत्या मक्यावर पाखरू ठेवू नका. मक्यातली प्रथिनं अपुरी असतात, त्यांतली एकदोन महत्त्वाची द्रव्यं फार कमी असतात. ती कमतरता कडधान्यं भरून काढतात. वाटाणा, हरभरा, मसूर, मूग, मटकी यांतलं जे परवडेल ते मिसळावं. आपण भाकरीबरोबर आमटी करतो ना, तसंच. नुसती भाकरी खाऊन माणूस दिवस काढतो, पण पोराची वाढ होत नाही.

आमच्याकडे आता साधारण असं असतं: मका तीन भाग, ज्वारी-बाजरी-गहू मिळून तीन भाग, कडधान्यं तीन भाग आणि करडई एक भाग. पिल्लं असताना कडधान्यं वाढवतो. मे महिन्यात, किंवा पाखरं उडत नसतील तेव्हा, मका कमी करतो, नाहीतर ती लठ्ठ होतात आणि उडायला कंटाळतात. थंडीत पुन्हा थोडा वाढवतो. पिसं झडायच्या दिवसांत कडधान्यं आणि करडई हवी, कारण नवं पीस प्रथिनांचंच होतं.

आता हिशेब करू. रेसचं कबुतर दिवसाला साधारण 30 ग्रॅम दाणा खातं. वीस पाखरांना दिवसाचे 600 ग्रॅम, महिन्याचे 18 किलो. त्यात दहातले तीन भाग मका, म्हणजे महिन्याला साडेपाच किलोच्या आसपास. बघा, लागतो किती तर साडेपाच किलो! चांगला मका किलोमागे दहा रुपयांनी महाग पडला तरी महिन्याला पंचावन्न रुपयांचा फरक. एवढ्यासाठी मी पोतंभर ओला मका घेतला होता. तेव्हा पहिली गोष्ट ही, की कबुतरासाठी पोतं घेऊ नका. दोन महिन्यांपुरता दहा-बारा किलोच घ्या, पण पारखून घ्या.

अख्खा की भरडलेला?

कबुतराला दात नाहीत. ते दाणा अख्खा गिळतं. दाणा आधी गळ्याखालच्या पिशवीत जातो, तिथे पाण्याने भिजून मऊ होतो आणि मग आत दळला जातो. कोंबडी साफ करताना जाड मांसाची एक गाठ निघते, तिच्यात बारीक खडे सापडतात, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. कबुतराचंही जातं तेच. म्हणून दाण्याबरोबर बारीक खडे, शिंपल्यांचा चुरा, विटेचे बारीक तुकडे एका वाटीत ठेवावे लागतात. खडे नसतील तर कितीही चांगला मका घाला, तो नीट दळला जात नाही.

पुष्कळ जणी विचारतात, मग भरडून का घालू नये? मक्याच्या दाण्यात कोंब असतो आणि दाण्यातलं बहुतेक तेल त्या कोंबातच असतं. दाणा अख्खा असतो तोवर ते तेल सालीच्या आत झाकलेलं असतं. भरडला की हवा लागते, तेल खवट होतं, जीवनसत्त्वं कमी होतात, आणि बुरशीला दार उघडं मिळतं. शेंगदाण्याचं कूट लवकर खवट होतं आणि अख्खे शेंगदाणे टिकतात, तसंच हे. म्हणून मका अख्खाच घ्यावा. फुटके दाणे जितके कमी तितका माल चांगला.

राहिला आकाराचा प्रश्न. आपल्याकडच्या काही संकरित वाणांचे दाणे मोठे आणि चपटे असतात. जुनं मोठं पाखरू ते गिळतं, पण पिल्लं आणि लहान चणीची पाखरं तो दाणा टाळतात, वेचून बाजूला सारतात. म्हणून छोटा, गोलसर, कडक दाणा बघावा. तसा मिळाला नाही तर किराणा दुकानातला लाह्यांचा मका घ्या. तो महाग असतो, पण बारीक, कडक आणि कोरडा असतो. निदान पिल्लांपुरता तरी तोच वापरावा.

रंगाचं म्हणाल तर पिवळा किंवा नारिंगी मका घ्या. त्या पिवळेपणातूनच पाखराच्या शरीरात अ जीवनसत्त्व तयार होतं. पांढऱ्या मक्यात ते जवळजवळ नसतं. तांबूस दाणा चालतो. पण पिवळा दाणा मळकट, निस्तेज झालेला असेल तर तो जुना किंवा भिजलेला आहे असं समजा.

दुकानात उभं राहून काय बघायचं

पोत्याच्या वरचा दाणा बघू नका. वर नेहमी चांगलाच माल असतो. हात कोपरापर्यंत आत घाला. आतला मका उबदार लागला तर तो ओला आहे, आत तापतोय. चांगला मका हाताला थंड आणि सुळसुळीत लागतो. हात बाहेर काढल्यावर त्यावर पिठासारखी धूळ राहिली तर कीड आहे असं समजा.

मग मूठभर मका घ्या, मुठीत धरून त्यावर तोंडाची वाफ सोडा आणि वास घ्या. वाफेने लपलेला वास वर येतो. चांगल्या मक्याला पिठासारखा गोडसर वास येतो. कुबट, आंबूस, ओल्या गोणपाटासारखा वास आला तर भाव विचारूच नका.

तिसरी गोष्ट, एक दाणा दाताखाली धरा. कोरडा दाणा कट्‌ असा आवाज करून फुटतो. ओला दाणा दबतो, पिठूळ होतो. नख रुतलं तरी तो ओला आहे. मात्र वास किंवा बुरशी जाणवली असेल तर तो दाणा तोंडात घालू नका.

चौथी गोष्ट, दहा-बारा दाणे तळहातावर उलटेसुलटे करून बघा. दाण्याच्या टोकाशी, जिथे तो कणसाला चिकटलेला असतो तिथे, टोपी निघाली की आत एक काळा ठिपका दिसतो. त्याला घाबरू नका. ती बुरशी नाही. दाणा कणसावर पूर्ण पिकल्याची ती खूण आहे. बुरशी वेगळी दिसते. हिरवट-पिवळी भुकटी, काळसर किंवा राखाडी डाग, गुलाबी-पांढरी साय, किंवा दाण्यावर पसरलेल्या पांढऱ्या रेघा. काळा ठिपका फक्त टोकाला असतो आणि पुसला जात नाही. बुरशी कुठेही असते आणि बोटाला लागते.

नखाने किंवा सुरीने कोंब उघडून बघा. तो दुधी पांढरा असला तर दाणा जिवंत आहे. तपकिरी असला तर दाणा तापलाय किंवा फार जुना झालाय.

घरी करायच्या तीन परीक्षा

दुकानदाराला म्हणावं, आधी एक किलो द्या, घरी बघते, मग बाकीचा नेते. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

पहिली परीक्षा मिठाची. झाकण असलेली काचेची एक कोरडी बाटली घ्या. उन्हात खडखडीत वाळवलेलं मीठ दोन-तीन चमचे त्यात टाका. बाटलीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका मका घाला. झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं तशीच ठेवा. मग बघा. मीठ बाटलीच्या काचेला चिकटलं तर मक्यात 15 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी आहे. मीठ मोकळं राहून तळाशी बसलं तर ओलावा त्याहून कमी आहे. साठवायला मका 12 ते 13 टक्क्यांपर्यंत कोरडा लागतो. म्हणून या परीक्षेत पास झालेल्या मक्यालाही दोन दिवस ऊन द्यावंच.

दुसरी परीक्षा मापाची. एक लिटरचं माप काठोकाठ भरून तोला. भरदार, कोरडा मका 700 ग्रॅमच्या वर भरतो. पोचट, पोखरलेला मका त्याच मापात हलका भरतो. दोन दुकानांचा मका समोर असेल तर याने लगेच फरक कळतो. पण आधी मिठाची परीक्षा घ्या, म्हणजे ओला मका कोरड्याच्या रांगेत येणार नाही.

तिसरी परीक्षा मोडाची, आणि माझ्या मते सगळ्यांत खात्रीची. शंभर दाणे मोजून रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधा, मटकीला मोड आणतो तसे. फडकं ओलं ठेवा. चार-पाच दिवसांनी उघडून मोजा. पंच्याऐंशी-नव्वद दाण्यांना मोड आले तर माल उत्तम. निम्मेही आले नाहीत तर तो मका फार जुना आहे, भट्टीत जास्त तापवून वाळवलाय, किंवा किडीने नाहीतर बुरशीने मारलाय. शिवाय फडक्यातल्या ओलीत लपलेली बुरशी दोन दिवसांतच वर येते, ती डोळ्यांना दिसते. परीक्षा झाली की ते दाणे पाखरांना घालू नका.

दोन विषं, दिसणारं आणि न दिसणारं

आता जरा लक्ष देऊन ऐका.

दिसणारं विष म्हणजे बियाण्याचा मका. पेरणी झाल्यावर पिशवीत अर्धा-पाऊण किलो बी उरतं. ते गुलाबी, लाल किंवा हिरव्या रंगाचं असतं. तो रंग म्हणजे औषध लावल्याची खूण. ते बी कबुतराला, कोंबडीला, जनावराला, कुणालाच घालायचं नाही. धुवूनही नाही. आणि दाण्यात ठेवायच्या विषारी गोळ्या राहत्या घरात वापरू नका. त्यातून निघणारा वायू माणसालाही मारतो.

न दिसणारं विष बुरशीचं. मक्यावर हिरवट-पिवळी बुरशी येते ती अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. हे विष पहिल्यांदा कळलं तेही पक्ष्यांमुळेच. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. कारण शोधता शोधता खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीवरची बुरशी सापडली.

आणि आपल्या शेजारचं सांगते. 1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल या जिल्ह्यांत काढणीच्या वेळी पाऊस झाला. मका भिजला, त्यावर बुरशी आली. गरिबांच्या घरात दुसरं धान्य नव्हतं, लोकांनी तोच मका आठवड्यामागून आठवडे खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झालं. नोंद झालेल्या 397 रुग्णांपैकी 106 दगावले. त्या घरांतली कुत्रीसुद्धा मेली, कारण त्यांनाही तीच भाकरी मिळत होती.

या विषाची तीन लक्षणं ध्यानात ठेवा. ते शिजवून जात नाही. ते उन्हात वाळवून जात नाही, ऊन बुरशीची वाढ थांबवतं पण तयार झालेलं विष दाण्यातच राहतं. आणि ते धुवून जात नाही. दुकानदार मला म्हणाला होता, "उन्हात टाकला की झालं." तसं होत नाही. ओला मका ऊन देऊन वाळवता येतो, पण बुरशी लागलेला मका ऊन देऊन चांगला करता येत नाही.

हे विष यकृतावर बसतं. पिल्लं मोठ्या पाखरांपेक्षा नाजूक असतात. कबुतराचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर पहिले काही दिवस आईबापाच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणाऱ्या दुधासारख्या चिकावर वाढतं आणि मग त्याच पिशवीत भिजलेले दाणे त्याला भरवले जातात. आईबाप जे खातात तेच पिल्लाच्या तोंडात जातं. आमची पिल्लं अशी गेली.

डॉक्टरांचा तो प्रश्न

तर त्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारलं, "ताई, रोज वेचून काढता तो खराब मका कुठं टाकता?"

मी अगदी सहज सांगितलं, "वाया कशाला घालवायचा? म्हशीच्या आंबोणात टाकते."

डॉक्टर गप्प झाले. मग त्यांनी समजावलं. जनावराने असा मका खाल्ला की त्या विषाचा काही अंश दुधात उतरतो, आणि तो एका दिवसाच्या आतच उतरतो. दूध उकळलं तरी तो जात नाही. सरकारने धान्यात अफलाटॉक्सिन किलोला 15 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालणार नाही असं ठरवलंय, आणि दुधात तर किलोला फक्त अर्धा मायक्रोग्रॅम. दुधाची मर्यादा इतकी कडक, कारण दूध लहान मुलं पितात.

मैत्रिणींनो, माझी धाकटी तेव्हा तीन वर्षांची होती. संध्याकाळी त्याच म्हशीचं दूध पेल्यात भरून मी तिला देत होते. कबुतराला नको म्हणून जो दाणा मी डोळ्यांत तेल घालून वेचत होते, तोच फिरून माझ्या लेकीच्या पेल्यात जात होता. मी महिनाभर हे स्वतःच्या हाताने केलं होतं.

डॉक्टरांनी धीर दिला. म्हणाले, "आंबोणातला तो मका आजच बंद करा, चार-पाच दिवसांत दूध स्वच्छ होतं. घाबरू नका, पण पुन्हा करू नका." लेकीला काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. सासूबाई म्हणाल्या, "तुला काय ठाऊक होतं? आम्हीपण असंच करत आलो." खरंच, वाया घालवू नये ही शिकवण चांगलीच आहे. पण बुरशीच्या दाण्याला ती लावायची नाही. तो खड्ड्यात खोल पुरायचा किंवा जाळायचा. उकिरड्यावरही टाकायचा नाही, तिथे कोंबड्या उकरतात.

साठवण आणि निवडण

आता चांगला मका आणला, तर तो टिकवायचा कसा?

ताडपत्रीवर पातळ पसरून दोन-तीन दिवस ऊन द्या. मातीवर, रस्त्यावर नको. संध्याकाळी गोळा करून सावलीत पूर्ण थंड होऊ द्या, मगच कोठीत भरा. गरम मका डब्यात भरला की आत घाम सुटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. पत्र्याची, घट्ट झाकणाची कोठी उत्तम. पोत्यात ठेवायचाच असेल तर फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर. जिन्याखालची, मोरीजवळची जागा नको. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळवून घाला, ओला पाला स्वतःच ओल धरतो. उंदरांपासून जपा, त्यांच्या लेंड्या-मुतातून पाखरांना रोग लागतो. जुना मका संपल्याशिवाय नवा त्यावर ओतू नका. आणि शेतातून नुकताच निघालेला नवा मका लगेच ढाबळीत नेऊ नका. तो खडखडीत वाळेपर्यंत जुना मका घाला.

निवडताना चाळणीने आधी भुकटी आणि फुटके दाणे काढा, कारण विष जास्त करून याच कचऱ्यात असतं. मग सुपाने पाखडून पोचट दाणे उडवा. मग परातीत पसरून हाताने डागाळलेले, सुरकुतलेले, पोखरलेले वेचा. चांगल्या दिसणाऱ्या मालात विष थोड्याच दाण्यांत एकवटलेलं असतं, म्हणून हाताने वेचण्याचा खरोखर उपयोग होतो. मात्र मूठभर मक्यात पाच-सहा दाणे बुरशीचे निघाले, किंवा सगळ्या मालालाच कुबट वास आला, तर वेचत बसू नका. तो सगळाच टाकायचा. माझी चूक तीच होती. मी वेचत राहिले.

आणि हे करताना नाका-तोंडाला ओढणी किंवा पदर घट्ट बांधा, मास्क असेल तर जास्त चांगलं. बुरशीची भुकटी आणि ढाबळीतली पिसांची, वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की फुप्फुसं कडक होतात, दम लागायला लागतो. ढाबळ झाडायच्या आधी पाणी शिंपडा. दाणा अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून पाखडा. लहान मुलांना जवळ बसवू नका. पाखरांच्या दाण्याची काळजी घेताना स्वतःच्या छातीचीही घ्या. खोकला महिनाभर राहिला तर डॉक्टरांना सांगताना घरी कबुतरं आहेत हेही सांगा, नाहीतर त्यांच्या लक्षात येत नाही.

आता आमच्याकडे काय चालतं ते सांगते. मुलाने स्वतः मिठाची बाटली करून ठेवलीय. मका आणायला तो माझ्याबरोबर येतो आणि कोपरापर्यंत हात पोत्यात घालतो. दुकानदार हसून म्हणतो, "वहिनी, सोनं घेताय की मका?" मी म्हणते, "दादा, मकाच घेतेय, पण घरात लेकरं आहेत."

गेल्या हंगामात आमची पाखरं बरी उडाली. एक निळी मादी संध्याकाळ व्हायला आली तेव्हा पोचली. सगळ्यांनी आशा सोडली होती. ती गच्चीवर उतरली, आधी पाणी प्यायली, मग माझ्या हातातला दाणा टिपायला लागली. तिने पहिला उचलला तो मक्याचा.

तेव्हा मैत्रिणींनो, उद्या घरातलं मक्याचं पोतं उघडा, आत कोपरापर्यंत हात घाला आणि वास घेऊन बघा. कबुतरासाठी असो, कोंबडीसाठी असो, म्हशीसाठी असो, नाहीतर आपल्या भाकरीसाठी. दाणा एकच आहे, तो फिरून आपल्याच ताटात येतो.